शेवंतीला हवी रात्र

आमच्या चाळीच्या गॅलरीतली बाग म्हणजे तेलाचे चार रिकामे डबे. आईने गावाहून आणलेली पिवळी शेवंती त्यात २ वर्षे नुसतीच वाढली, फूल नाही. आई ती उपटायलाच निघाली होती. ओळखीच्या माळीकाकांनी हात धरला.

शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. आमचा डबा नेमका रस्त्याच्या दिव्यासमोर. झाडाला रात्र कधी झालीच नाही! ऑगस्टमध्ये डबा मागच्या अंधाऱ्या बाजूला नेला. नोव्हेंबरात डबा पिवळाधमक झाला.

भगिनींनो, पावसाळ्यात शेंडे खुडा, म्हणजे झाड भरगच्च होते. डब्याच्या तळाला भोके हवीतच. बहर सरला की फांद्या छाटा आणि बुडाशी येणारे फुटवे वेगळे लावा.

त्या रविवारी आईने नानकटाई केली. पूर्वी ती मैदा-तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावायची. आता गुडघे साथ देत नाहीत. अर्धी वाटी तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसा. त्यात १ वाटी मैदा, २ चमचे बेसन, वेलची घालून गोळे करा. जाड पातेल्यात मीठ पसरून, झाकून १० मिनिटे तापवा. आत रिंग, तिच्यावर ताटली ठेवून मंद आचेवर साधारण २० मिनिटे भाजा. गरम असताना मऊ लागते. निवली की खुसखुशीत होते.

शेजारची पोरे खात होती. आई फुलांकडे बघत म्हणाली, "उपटली असती तर रे?"