दालचा : गोश्त घालून की गोश्ताविना?

बारामती-इंदापूर भागात वलिम्याचं जेवण ठरवायला घरची मंडळी बसली की बिर्याणीवर फारशी चर्चा होत नाही. वाद रंगतो तो दालच्यावर. एखादे चाचा ठामपणे सांगतात, "हाडाचा रस उतरला नाही तर ते नुसतं वरण झालं." तर एखादी खाला म्हणते, "बिर्याणीत गोश्त आहेच, मग डाळीत पुन्हा कशाला? चिंच आणि दुधीनेच खरी चव येते." दोन्ही बाजू आपलंच म्हणणं 'असली' असल्याचं सांगतात.

असे वाद जगभर चालतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात गोमांस आणि सुक्या मिरच्यांचा 'चिली' नावाचा रस्सा करतात. 1977 मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. त्यात राजमा घातला की जुने टेक्सासवाले नाराज होतात, आणि बाकीच्या अमेरिकेत मात्र अनेक घरांत राजम्याशिवाय चिली होतच नाही. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. डाळ तर हवीच, पण गोश्ताचं काय?

दालचा आला कुठून?

दालचा हा दख्खनचा पदार्थ. चणाडाळ किंवा तूरडाळ, चिंचेचा आंबटपणा, दुधी आणि हाडाचं गोश्त ही त्याची ओळखीची घडण. हैदराबादपासून तामिळनाडूच्या मुस्लिम घरांपर्यंत तो शिजतो, आणि भारतीय मुस्लिमांबरोबर तो मलेशियातही पोहोचला आहे. प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप थोडं बदलतं. कुठे वांगं-बटाटा पडतो, कुठे फक्त दुधी. म्हणून 'हाच खरा' असा शिक्का कुणी मारू नये.

गोश्त आणि दुधीची जोडी तर फार जुनी आहे. हजरत अनस (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावलं. समोर जवाची भाकरी आणि दुधी व सुकवलेलं गोश्त घातलेला रस्सा आला. प्रेषित (स.) ताटातल्या दुधीच्या फोडी शोधून खात होते. तेव्हापासून हजरत अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला. घरातली मुलं दुधी बाजूला काढतात तेव्हा ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

ताटाचा हिशोब

शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेवढ्याच कच्च्या मटणातही जवळपास तेवढीच. डाळीत जे कमी पडतं ते भात भरून काढतो, म्हणून गोश्ताविना दालचा-भातही निकृष्ट जेवण नाही. शिवाय डाळीत चोथा असतो, तो गोश्तात नसतो.

गोश्ताची खुबी वेगळी आहे. त्यातलं लोह शरीर सहज घेते आणि डाळीतलं लोह शोषायलाही ते मदत करतं. ब-12 जीवनसत्त्व डाळीत नसतं, ते गोश्तात मिळतं. मुली आणि बाळंतिणींसाठी हे महत्त्वाचं आहे. म्हणून हाडांबरोबर बोटीचे चार तुकडे घातले तर ते आधी कुणाच्या ताटात पडतात, हेही पाहावं. गोश्त नसेल तर दालच्यावर लिंबू पिळावं आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. लिंबाने लोह शोषायला मदत होते, चहाने ते अडतं.

वलिमा आणि शेजारी

खर्चाचा विचार केल्याशिवाय हा वाद पूर्ण होत नाही. लोक काय म्हणतील या धाकाने बिर्याणीत गोश्त, दालच्यात गोश्त, वर आणखी एक सुका प्रकार, असा बेत वाढत जातो आणि वधूवरांच्या घरावर उधारी बसते. प्रेषित (स.) यांनी एक बकरी का होईना, पण वलिमा करायला सांगितलं. पण हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी निकाह झाल्यावर जो वलिमा झाला, त्यात ना रोटी होती ना गोश्त. खजूर, पनीरासारखा सुकवलेल्या दुधाचा पदार्थ आणि तूप एवढंच होतं. ज्या वलिम्याला श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना वगळतात, ते जेवण हदीसमध्ये सर्वांत वाईट म्हटलं आहे. दालच्यात गोश्त नसल्याने कुणाची इज्जत जात नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. गावोगाव माळकरी शेजारी आहेत. ते आपल्या सुखदुःखात येतात, पण गोश्त खात नाहीत. अबू जर (रजि.) यांना प्रेषित (स.) यांनी रस्सा करताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितलं होतं. माळकरी शेजाऱ्याला तो रस्सा पाठवता येत नाही. त्याच्यासाठी गोश्ताविना दालच्याचं पातेलं वेगळं चढवावं. चूल वेगळी, पळी वेगळी, वाढणारा माणूसही वेगळा. आणि ते शेजाऱ्याला आधीच सांगावं, म्हणजे तो निर्धास्त बसून जेवेल.

करताना एवढं पाहा

घरच्या पाच-सहा जणांसाठी एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी तूरडाळ आणि अर्धा किलो दुधी पुरतो. गोश्त घालायचं असेल तर हाडासह अर्धा किलो घेऊन आलं-लसूण, कांदा, हळद, तिखट घालून आधी वेगळं शिजवा. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून ती दोन तास भिजवा आणि शक्यतो पिण्याच्या गोड्या पाण्यात शिजवा. चिंच आणि टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घाला, आंबटामुळे डाळ कडक राहते. दुधीची फोड आधी चाखून पाहा. कडू लागली तर तो दुधी टाकून द्या, कडू दुधी विषारी असू शकतो. शेवटी कढीपत्ता, जिरे आणि सुक्या मिरचीचा बघार द्या.

गोश्ताविना करताना कांदा चांगला लाल परतावा, डाळ नीट घोटावी आणि बघारात लसूण वाढवावा. हाडाच्या रसाची उणीव त्याने बरीच भरून निघते.

रोजच्या घरात महिन्यातून एखाद्या वेळी गोश्ताचा आणि एरवी साधा दालचा करावा. वलिम्यात मात्र आधी पाहुण्यांची यादी पाहावी, मग खिसा पाहावा आणि त्यानंतरच चाचांचं मत विचारावं.