मेहमानखान्यातील मुक्काम

घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे अण्णाभाऊ साठे १९६१ साली सोव्हिएत देशाचा प्रवास करून आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. त्या काळी उपनगरातल्या माणसाने तिकडे जायचे म्हणजे निमंत्रण हवे, बरोबर दुभाष्या हवा आणि उतरण्याची जागा ठरविणार यजमान सरकार. आज तसे राहिलेले नाही. उझबेकिस्तानने २०१८ साली भारतीयांसाठी घरबसल्या मिळणारा व्हिसा सुरू केला. कझाकस्तानने २०२२ सालापासून चौदा दिवसांपुरती व्हिसाचीही अट काढून टाकली. तेव्हापासून बोरिवली-मुलुंडकडची मंडळी महाबळेश्वरला जावे तितक्या सहजपणे ताश्कंद, समरकंद, बुखारा अशी नावे घेऊ लागली आहेत. आम्ही दोन वेळा त्या बाजूस जाऊन आलो आणि दोन्ही वेळा स्वस्तातल्या जागी उतरलो. परत आल्यावर घुमटांविषयी फार थोड्यांनी विचारले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, “उतरलात कुठे, आणि तिथे आपल्यासारख्यांचा निभाव लागतो का?” त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, म्हणून हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. उझबेक भाषेत हॉटेलला ‘मेहमोनखोना’ म्हणतात. उच्चार थोडा गोल केला आहे इतकेच, एरवी हा आपला मेहमानखानाच होय. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतला ‘खाना’ तोच. तिकडे पाहुण्याला मेहमोन आणि यजमानाला मेझबोन म्हणतात. हा दुसरा शब्दही फारसीतून आपल्याकडे आला, पण आपण त्याची मेजवानी केली. यजमान विसरलो आणि जेवण तेवढे लक्षात ठेवले! असो. हिशेबाला तिकडे ‘हिसोब’, भाकरीला ‘नोन’, पेल्याला ‘पियोला’ म्हणतात, आणि घराच्या मधल्या अंगणाला ‘होव्ली’ म्हणतात, जो आपल्या हवेलीचा सख्खा भाऊ आहे. भाषा येत नाही म्हणून घाबरणाऱ्या मराठी माणसाच्या खिशात अशी पाचपन्नास नाणी आधीच असतात.

तथापि हे मेहमानखाने ज्या परंपरेतून आले ती आपल्या धर्मशाळेच्या परंपरेहून थोडी निराळी आहे आणि हा भेद लक्षात घेतल्याशिवाय तिथल्या कारभाराचा उलगडा होत नाही. आपली धर्मशाळा तीर्थाच्या वाटेवर उभी राहिली. बांधणाऱ्याला पुण्य हवे होते आणि उतरणारा यात्रेकरू होता. मध्य आशियातली सराई व्यापाराच्या वाटेवर उभी राहिली. समरकंदहून बुखाऱ्याकडे जाताना नवोईजवळ रबाते-मलिक नावाच्या सराईचे प्रवेशद्वार अजून उभे आहे. ती अकराव्या शतकातली. बाकीची इमारत गेली, पायाच्या खुणा तेवढ्या उरल्या. २०२३ साली युनेस्कोने या व्यापारी मार्गावरील स्थळांना जागतिक वारशात घेतले त्यांत तिचाही समावेश आहे. ते दार पाहिले म्हणजे किल्ल्याचा भास होतो. आणि तो खोटा नाही. उंच भिंत, एकच दरवाजा, मध्ये अंगण, भोवती खोल्या, जनावरांना जागा आणि पाणी. भिंत लुटारूंपासून रक्षणासाठी. पण दरवाजा एकच ठेवल्यामुळे आत कोण आले, किती माल घेऊन आले, हेही समजे. राजाने व्यापाऱ्याला आसरा द्यायचा आणि त्या बदल्यात त्याची नोंद व जकात घ्यायची, असा तो रोखठोक व्यवहार होता. पाहुणचार आणि पहारा ही दोन्ही कामे एकाच दाराने केली.

या सरायांतून आपल्या देशाचे लोकही राहत. मुलतानकडचे व्यापारी आणि सावकार बुखारा, समरकंद, ताश्कंद येथे वर्षानुवर्षे सराईतच बिऱ्हाड करून राहिल्याचे इतिहासात नमूद आहे. एका रात्रीच्या मुक्कामाची जागा कित्येकांना अर्ध्या आयुष्याचे घर झाली. बुखाऱ्यात लब-ए-हौज म्हणून एक प्रसिद्ध तळे आहे. लब म्हणजे ओठ किंवा काठ, आणि हौज म्हणजे आपला हौद. त्याच्या एका बाजूस नादिर दिवाणबेगीचा मदरसा आहे. ही इमारत मुळात सराई म्हणून बांधली गेली होती. असे सांगतात की १६२२ च्या सुमारास ती पुरी झाली तेव्हा खान पाहावयास आला आणि ‘काय सुरेख मदरसा बांधला’ असे बोलून गेला. खानाचा शब्द चुकीचा ठरविणार कोण? सराईचा मदरसा झाला.

पुढे रशियन आले, मग सोव्हिएत राजवट आली. सराया ओस पडल्या आणि त्यांच्या जागी सरकारी बहुमजली हॉटेले उभी राहिली. परदेशी पाहुण्यांचा सारा बंदोबस्त १९२९ साली स्थापन झालेली ‘इन्तुरिस्त’ ही सरकारी संस्था पाही. ताश्कंद तर १९६६ च्या एप्रिलमधील भूकंपानंतर बव्हंशी नव्यानेच बांधावे लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत लालबहादूर शास्त्री तेथे निवर्तले, तेव्हा यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून त्यांच्याबरोबर होते. म्हणजे त्यांनी पाहिलेले ताश्कंद पुढच्या तीन-चार महिन्यांत पार बदलून गेले. नव्या शहरातले सतरा मजली ‘हॉटेल उझबेकिस्तान’ १९७४ चे. या सोव्हिएत हॉटेलांची एक खास ओळख होती. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून एक बाई बसलेली असे. तिला ‘देझुर्नाया’ म्हणत. खोलीची किल्ली तिच्यापाशी. बाहेर जाताना द्यायची, आल्यावर मागून घ्यायची. चहाला उकळते पाणी तीच देई, आणि आपण किती वाजता आलो, बरोबर कोण होते, हेही तिलाच ठाऊक. जुन्या सराईचा दरवाजा जणू मजल्यामजल्यावर येऊन बसला होता. आता ही बाई जवळजवळ दिसेनाशी झाली आहे.

आज स्वस्तात उतरायचे तर दोन तऱ्हेच्या जागा मिळतात. एक, मोठ्या शहरांतली हॉस्टेले. एका खोलीत सहाआठ पलंग, वरखाली रचलेले; न्हाणीघर सामाईक. दर माणशी एका रात्रीस दहापंधरा डॉलर द्यावे लागतात. दुसरी तऱ्हा बुखारा-समरकंदच्या जुन्या वस्तीत आढळते. एखाद्या कुटुंबाने आपल्या होव्लीभोवतालच्या पाचसहा खोल्या पाहुण्यांसाठी नीट करून घेतलेल्या असतात. आमचा कौल निःसंशय दुसऱ्या तऱ्हेला आहे. बाहेरून पाहिले तर मातीची आंधळी भिंत आणि एक लहान दार. आत शिरल्यावर तुतीचे किंवा जर्दाळूचे झाड, त्याखाली ‘तपचान’ म्हणजे बसण्याजेवण्याचा मोठा लाकडी मंच. बूट दाराशी काढायचे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. नळाचे पाणी मात्र पिऊ नये. खोलीचे भाडे ठरविताना दरडोई पर्यटन-कर त्यात धरला आहे की वेगळा, हे विचारून घ्यावे. आणि उन्हाळ्यात, विशेषतः जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, जाऊ नये. मे महिन्यातील अंधेरीचा घाम बरा असे वाटावे इतके ते कोरडे ऊन तापते.

पैशाविषयी एक गमतीची गोष्ट. २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत तेथे सरकारी दर एक आणि बाजारातला दर त्याच्या जवळपास दुप्पट, अशी स्थिती होती. त्या वर्षाच्या आरंभापर्यंत तर सर्वांत मोठी नोट पाच हजार सोमची. त्यामुळे हॉटेलचा हिसोब चुकता करायचा तर नोटांची पिशवी घेऊन बसावे लागे. त्या महिन्यात सरकारने दर मोकळा सोडला आणि एका दिवसात डॉलर चार हजारांवरून आठ हजार सोमवर गेला. पिशव्या गेल्या. गल्लीबोळातली घरे मेहमानखाने होऊ लागली ती या सुमारास आणि विशेषतः व्हिसा सुलभ झाल्यावर.

आता मुख्य मुद्दा. परदेशी माणसाने तिथे आल्यापासून तीन दिवसांच्या आत आपल्या राहण्याची नोंद झालेली असावी असा कायदा आहे. ही नोंद हॉटेलवाला करतो. ज्या सरकारी व्यवस्थेत ती चढते तिचे नावच ‘ई-मेहमोन’! नोंदीचा छापील कागद मागून घ्यावा आणि जाईपर्यंत जपून ठेवावा. गाडीत रात्र काढली तर तिकीट जपावे. हे आम्ही वाचलेले होते. आणि तरीही पहिल्याच खेपेस एक कागद कमी पडला. रात्रीच्या गाडीने पहाटे बुखाऱ्यास उतरलो. होव्लीची मालकीण साठीच्या घरातली. तिने पासपोर्ट घेतले, कागद एकावर एक ठेवून बोटांवर रात्री मोजल्या आणि एक बोट वर करून आमच्याकडे पाहिले. मधली एक रात्र कुठे होती? गाडीचे तिकीट आम्ही कुठे ठेवले ते आठवेना. तिने खोली दाखविली नाही. पण बाहेरही काढले नाही. तपचानवर बसविले, चहा आणला आणि खुणेने सांगितले की शोधा. सामान त्या मंचावर उपसून झाले. पाऊण तासाने तिकीट प्रवासवर्णनाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेले सापडले. तिने ते उजेडाकडे धरून वाचले, आमच्या कागदांना टाचणीने जोडले आणि मगच किल्ली दिली.

त्या चहाविषयी सांगावयास हवे. हिरवा चहा किटलीतून पियोल्यात ओततात, पुन्हा किटलीत घालतात, असे तीनदा करतात, आणि मग पाहुण्याला देतात तो अर्धाच भरून. आपल्याकडे अर्धा कप म्हणजे कंजूषपणा. तिथे उलट आहे. थोडा थोडा ओतायचा म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येते. पियोला काठोकाठ भरला तर आता उठा, असा अर्थ होतो. आम्हांला त्या पाऊण तासात अर्धे पियोलेच मिळत गेले, हे फार मागाहून ध्यानात आले.

शाकाहारी मंडळींनी एक सावधगिरी बाळगावी. ‘सब्झी’ मागितली तर गाजर येईल, कारण उझबेकमध्ये सब्झी म्हणजे गाजर. ‘गोश्तसिझ’, म्हणजे गोश्ताशिवाय, असे म्हणावे. तरीसुद्धा पुलावातला गोश्त बाजूला काढून उरलेला भात प्रेमाने पुढे ठेवला जाण्याचा संभव आहे. नोन, दही, टोमॅटो-काकडी, फळे आणि घरून नेलेली चटणी यांवर आठवडा उत्तम निघतो.

या नोंदीच्या कटकटीला नाके मुरडण्याआधी आपल्या दाराकडेही पाहू. आपल्याकडेही परदेशी पाहुणा लॉजवर उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, आणि ही यातायात नको म्हणून कित्येक लहान लॉजवाले परदेशी माणसाला जागा नाही असेच सांगून मोकळे होतात. परदेशी माणसाचे सोडा. परवाच्या पावसाळ्यात अंधेरीच्या एका जुन्या इमारतीचा जिना खचला आणि रात्रीपुरती इमारत रिकामी करावी लागली. आमच्या परिचयाचे एक कुटुंब, आजीसकट पाच माणसे, स्टेशनजवळच्या एका लॉजवर गेले. कारकुनाने आधारकार्डे घेतली, पत्ता वाचला आणि परत केली. पत्ता अंधेरीचाच होता, आणि ‘लोकल’ माणसाला खोली द्यायची नाही असा मालकाचा नियम. स्थानिकांना खोली देऊ नये असा काही कायदा नाही. पण उगाच पोलिसांचे लचांड नको, असे त्याचे म्हणणे. आजींना खुर्ची द्यावी असेही त्याला सुचले नाही, आणि तो काही दुष्ट माणूस नव्हता. गल्ल्याच्या मागे पाटी होती, ‘अतिथी देवो भव’. तेथून ती मंडळी आणखी दोन ठिकाणी फिरली. दुसरीकडेही पत्ता वाचून कार्डे परत आली. तिसरीकडे खोली मिळाली ती तासाच्या हिशेबाने आणि दुप्पट भाड्याने. आजींनी रात्रभर साडी बदलली नाही की पलंगावर पाठ टेकली नाही. नोंदवहीत त्यांचे नाव कुणी लिहूनच घेतले नव्हते.