पाण्यात म्हैस, बाहेर मोल

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा भाव कोणालाही कळतो. बाजार उघडला की तो हलू लागतो, दर तीन महिन्यांनी कंपनीचे निकाल छापून येतात आणि मन विटले तर माणूस शेअर विकून मोकळा होतो. जिची मालकी अजून मूठभरांच्या हाती आहे, अशा कंपनीच्या बाबतीत ही सोय नसते. तरीही तिचे आकर्षण मोठे. १९९३ साली ९५ रुपयांना मिळणारा इन्फोसिसचा शेअर आपण घेतला नाही, ही हळहळ अनेक घरांत आजही ऐकू येते. पुढची इन्फोसिस बाजारात येण्याआधीच गाठावी, ही इच्छा त्या हळहळीतूनच जन्मते.

कायदा मात्र आडवा येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ‘प्रायव्हेट लिमिटेड’ कंपनीला आपले शेअर घेण्यासाठी जनतेला आवाहन करता येत नाही. तिच्या शेअरच्या हस्तांतरावर बंधने असतात आणि सभासदांची संख्या, नोकरदार भागधारक वगळता, २०० च्या वर जाऊ शकत नाही. तेव्हा पुढचे दार बंद. उरतात त्या बाजूच्या वाटा.

पहिली वाट नातेवाइकाच्या घरातून जाते. कंपनी नोंदलेली नसली तरी तिचा वाटा बाळगणारी दुसरी कंपनी नोंदलेली असू शकते. ‘नोकरी डॉट कॉम’ चालवणाऱ्या इन्फो एजने २०१० साली झोमॅटोत ४.७ कोटी रुपये घातले व पुढे भर टाकली. २०२१ च्या जुलैत झोमॅटो बाजारात आली. त्याआधीची अकरा वर्षे सामान्य माणसाला झोमॅटोचा शेअर मिळत नव्हता, इन्फो एजचा मिळत होता. पण या वाटेवर अफवाही फिरतात. २०२२ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने टाटा सन्सला बड्या वित्तसंस्थांच्या यादीत घातले आणि तीन वर्षांत बाजारात नोंदणी करणे तिला भाग पडेल, असे दिसू लागले. २०२४ च्या मार्चमध्ये टाटा इन्व्हेस्टमेंट आणि टाटा केमिकल्सचे शेअर याच आशेवर उसळले. कंपनी नोंदणी टाळण्याच्या खटपटीत असल्याची बातमी आली, तसे ते घसरले. सप्टेंबर २०२५ ची मुदत नोंदणीविनाच उलटली.

दुसरी वाट राखीव कोट्याची. उपकंपनी बाजारात येताना मूळ कंपनीच्या भागधारकांसाठी काही वेळा शेअर राखून ठेवले जातात. २०२३ साली टाटा टेक्नॉलॉजीजच्या विक्रीत टाटा मोटर्सच्या भागधारकांना असा कोटा होता. ५०० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी १,२०० रुपयांवर उघडला. अर्थात अर्ज करणारे उदंड असल्याने वाट्याला आलेले शेअर थोडे, आणि असे दिवसही मोजकेच.

तिसरी वाट आज सर्वांत गजबजलेली आहे : न नोंदलेल्या शेअरच्या दलालांची. पब्लिक लिमिटेड असून बाजारात न आलेल्या कंपन्यांचे शेअर नोकरीचा भाग म्हणून मिळालेले कर्मचारी किंवा जुने गुंतवणूकदार विकतात आणि दलाल ते आपल्या डीमॅट खात्यात आणून देतो. २०१८ च्या ऑक्टोबरपासून अशा कंपन्यांच्या शेअरचे हस्तांतर डीमॅटमधूनच करावे लागत असल्याने व्यवहार सोपा झाला. येथे सोपा आणि सुरक्षित हे शब्द एका अर्थाचे समजू नयेत. भाव दलाल सांगेल तो. घेताना एक, विकताना दुसरा. अशा शेअरचे व्यवहार घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंचांना आपली मान्यता नाही, असा इशारा २०२४ च्या डिसेंबरात सेबीनेच दिला होता.

एचडीबी फायनान्शियल सर्व्हिसेसचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. एचडीएफसी बँकेची ही उपकंपनी चांगली चाललेली, नफ्यातली. न नोंदलेल्या बाजारात तिचा शेअर बाराशे रुपयांच्या आसपास हातोहात जात होता. २०२५ च्या जूनमध्ये कंपनीने स्वतःच विक्रीचा भाव जाहीर केला : ७०० ते ७४० रुपये. २ जुलैला शेअर ८३५ रुपयांवर उघडला. वृत्तपत्रांनी यशस्वी पदार्पण म्हटले आणि ते खरेच होते. पण बाराशेने शंभर शेअर घेतलेल्या माणसाचे त्या सकाळी ३६,५०० रुपये कमी झाले होते. शिवाय प्राथमिक विक्रीपूर्वीच्या बहुतेक भागधारकांना सहा महिने शेअर विकता येत नाहीत. म्हणजे तोटा दिसतो, पण बाहेर पडता येत नाही.

खासगी कंपनीवर पैसे लावणारा आपण एकच पैज लावतो आहोत, असे समजतो. वस्तुतः त्या तीन असतात. कंपनी चालेल ही पहिली. आपण दिलेला भाव रास्त आहे ही दुसरी. आणि आपल्याला पैशाची गरज लागेल तोवर ती बाजारात येईल ही तिसरी. राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसई नफ्यात आहे, याविषयी दुमत नव्हते. तिने २०१६ च्या डिसेंबरात विक्रीसाठी अर्ज केला. को-लोकेशन प्रकरणात तो अडकला आणि २०२५ साल संपले तरी शेअर नोंदला गेला नव्हता. नऊ वर्षांत मुलगी लग्नाची होते, वडील निवृत्त होतात. कंपनीला थांबणे परवडते, घराला परवडत नाही.

अमेरिकेतही माणसाचा स्वभाव निराळा नाही. स्पेसएक्ससारख्या खासगी कंपन्यांचे शेअर बाळगणारा डेस्टिनी टेक १०० हा फंड २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदला गेला. त्याच्या एका शेअरमागची मालमत्ता पाच डॉलरहून कमी. एप्रिलमध्ये लोकांनी त्यासाठी शंभर डॉलरपर्यंत मोजले!

म्हणून या वाटेला जाऊच नये, असे नव्हे. पण भविष्य निर्वाह निधीची रक्कम येथे नको. जायचेच असेल तर बुडाले तरी चूल पेटती राहील एवढेच पैसे न्यावेत, आणि दलालाला कंपनीच्या थोरवीऐवजी एवढेच विचारावे : हेच शेअर उद्या मी तुम्हाला परत दिले, तर काय भावाने घ्याल? उत्तर देताना तो अडखळला, की म्हैस अजून पाण्यातच आहे असे समजावे.