आधी खड्डा, मग शेकोटी

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळांची स्काऊट-गाईड पथकं शिबिरांना निघतात. कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीसारख्या दाट वस्तीतली मुलं तिथे काय शिकतात आणि ते त्यांना कुठे उपयोगी पडतं?

२७ जुलै २०१९ची पहाट. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याण, विठ्ठलवाडी, अंबरनाथ मागे टाकून गेली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत हजाराहून जास्त प्रवासी, चहूकडे पाणी. रेल्वे प्रवाशांना एकच गोष्ट सांगत होती : गाडीतून उतरू नका. एनडीआरएफ आणि नौदलाची पथकं बोटी घेऊन पोचली, आसपासच्या गावकऱ्यांनी हात दिला आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले.

संकटात तग धरायचा म्हणजे काय, हे विचारलं तर आजची मुलं टीव्हीवर पाहिलेलं सांगतात : कड्यावरून उडी, चकमकीने जाळ, किडे खाऊन काढलेली रात्र. स्काऊटच्या शिबिरात यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्या गाडीतल्या प्रवाशांसारखं जागेवर थांबायचं, पाणी राखायचं, हात धुवायचे, आपल्या संघातली मुलं मोजायची, असली बिनचमकदार कामं तिथे शिकवली जातात. शिबिराचं खरं मोल याच कामांत आहे.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यात श्रीमंत शाळांतली मुलं होती, तशीच कष्टकरी घरांतलीही. त्यांचे छोटे संघ पाडले, प्रत्येकाला एक नायक दिला आणि जबाबदारी त्याच्यावर टाकली. भारतात ही चळवळ १९०९मध्ये आली, पण सुरुवातीला ती गोऱ्या मुलांपुरतीच होती. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासेत, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत भारतीय मुलांसाठी वेगळ्या संस्था काढल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्र संघटना उभी राहिली. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी तिची चढण आहे. सहा ते आठ मुलांचा संघ आणि त्याचा संघनायक ही ब्राउनसीची मांडणी मात्र अजून तीच आहे.

पहिल्या दिवसाचं काम

शिबिराच्या जागी पोचल्यावर मुलांना तंबू ठोकायची घाई असते. जाणते स्काऊट मास्तर आधी वारा पाहतात, उतार पाहतात, पाणी कुठून येतं ते पाहतात आणि शौचाचा खड्डा खणायला लावतात. हा खड्डा पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, पाण्याच्या खालच्या अंगाला आणि स्वयंपाकाच्या वाऱ्याच्या वाटेत येणार नाही असा हवा. खणलेली माती बाजूला ढीग करून ठेवायची, वापरानंतर प्रत्येकाने खुरप्याने ती वर लोटायची आणि शेजारीच टांगलेल्या साबणाने हात धुवायचे.

बटण दाबून मोकळ्या होणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी याची किळस येते. दुसऱ्या दिवशी कळतं, की चाळीस मुलांच्या शिबिराला वाघ-बिबट्यापेक्षा जुलाबाची भीती मोठी. जुलाब लागलेच तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येकाला पाठ हवं. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळावं किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं.

दोरी आणि मडकं

गाठींची परीक्षा मुलांना नकोशी वाटते, कारण वर्गात त्या बाकाच्या पायावर मारायच्या असतात. शिबिरात त्यांनाच काम मिळतं. खिळा न ठोकता ताटांची मांडणी, हात धुण्याची तिवई, चपला ठेवायची फळी, सगळं काठ्या आणि दोरी यांच्यावर उभं करायचं. दोन काठ्या काटकोनात बांधायच्या तर आधी उभ्या काठीला क्लोव्ह हिच मारायची, मग दोन्ही काठ्यांना कवेत घेणारे तीन फेर, त्यानंतर काठ्यांच्या मधून दोन आवळते फेर आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. आवळते फेर विसरले की तिवई तासाभरात कलंडते. गळ्यातला स्कार्फसुद्धा शोभेचा नाही. उलगडला की हात मोडलेल्याची झोळी होते, घडी घातली की पट्टी. ती बांधायला रीफ नॉट, कारण ती सपाट बसते आणि जखमेला टोचत नाही.

अभ्यासक्रमात बिनभांड्याचा स्वयंपाक असतो. निखाऱ्यात बटाटे आणि तापल्या दगडावर रोटी हे नेहमीचे प्रकार. आपल्याकडे याहून सरस नमुना आहे, रायगडची पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा. पुन्हा पाला कोंबून तोंड घट्ट बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी थेंबभरही घालायचं नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि ते चर्रकन उडून गेले, की पोपटी झाली. जळण किती लागेल, वाफ कशी कोंडते, हे सारं एका मडक्यात कळतं.

जाळाला मात्र नियम आहेत. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि डिसेंबरनंतर आपल्या डोंगरांवरचं गवत ठिणगीची वाट पाहत असतं. म्हणून शिबिर शाळेच्या किंवा खाजगी आवारात घ्यावं, शेकोटीभोवतीचं गवत काढावं आणि झोपण्यापूर्वी राखेत हात घालता येईल इतकं पाणी ओतावं.

इथल्या मातीतले धोके

पावसाळ्यानंतर हवा निवळली की कल्याण पूर्व-विठ्ठलवाडीच्या गच्च्यांवरून दक्षिणेला मलंगगड दिसतो. नेवाळीमार्गे बसने पायथा गाठता येतो, त्यामुळे मुलांचा पहिला डोंगर बहुधा तोच. पुढे त्याच रांगेत चंदेरी खुणावतो. या मुलुखात सापाचा विचार करावाच लागतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपायचं नाही आणि बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. साप चावला तर चिरा देणं, विष चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही करू नये. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, मुलाला चालू देऊ नये आणि जिथे प्रतिविष आहे अशा रुग्णालयात थेट न्यावं. कोकणातला लाल विंचूही जिवावर बेततो. त्यावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी ठरतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिलं.

परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून तीनने भागले, की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीस सेकंदांहून कमी असतील तर खेळ थांबवून पक्क्या इमारतीत जायचं, एकट्या झाडाखाली नाही.

आणि पाणी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरसारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. ओळखीचा नसलेला डोह आणि वाहता ओढा यांच्यात उतरायचंच नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरेच जीव वाचतील.

हरवलात तर

वाट चुकलेल्या मुलाने आधी बसायचं. पाणी प्यायचं, शिट्टी वाजवायची : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. डोंगरातला हा जगभरचा संकेत आहे. उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्ट्या येतात. उजेड असेल तर काठी उभी रोवून सावलीच्या टोकावर खडा ठेवावा, वीस मिनिटांनी सरकलेल्या टोकावर दुसरा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा.

रात्री ध्रुवतारा. आपल्याकडे तो क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे क्षितिजावर दोन मुठी रचल्या की ध्रुव दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेशी सापडतो. डिसेंबरातल्या शिबिरात सप्तर्षी संध्याकाळी उगवलेले नसतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून शोधावा लागतो. विठ्ठलवाडीच्या धुरकट आकाशात इतक्या खाली काही दिसत नाही, म्हणून हा धडा डोंगराच्या पायथ्याशीच द्यावा लागतो.

पालकांनी विचारावं असं

परवानगीपत्रावर सही करण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. मोठी माणसं किती आणि त्यांच्यातल्या किती जणांना प्रथमोपचार येतो? सर्पदंशावर उपचार होणारं जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री गाडी कोणाची? पिण्याचं पाणी कुठून येणार? मुलं पाण्यात उतरणार आहेत का? आणि शौचाची सोय काय? यांची उत्तरं ज्या मास्तरांकडे तयार आहेत, त्यांच्याबरोबर मुलाला निर्धास्त पाठवावं.

मूल परतलं की त्याला आल्या आल्या फार जपू नये. निदान महिनाभर पिण्याचं पाणी भरणं आणि जेवणानंतरची ताटं घासणं त्याच्याकडे राहू द्यावं. शिबिरात लागलेली सवय घरात मोडली, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात करावी लागते.