वृक्षशल्यचिकित्सा
वृक्षशल्यचिकित्सा : रोगट, जखमी, जीर्ण किंवा धोकादायक झालेल्या उभ्या वृक्षाची छाटणी करणे, त्याच्या दुबळ्या फांद्यांना आधार देणे, मुळांभोवतीची जमीन सुधारणे आणि अन्य उपाय उरला नसेल तेव्हा तो तुकड्यातुकड्यांनी खाली उतरविणे, या कामांना मिळून वृक्षशल्यचिकित्सा म्हणतात. फळबागेतील छाटणीचा हेतू उत्पन्न हा असतो व वनातील तोडीचा हेतू लाकूड हा असतो. येथे मात्र वृक्ष आहे त्याच जागी, माणसांच्या व इमारतींच्या सान्निध्यात, शक्य तितका काळ निर्धोकपणे उभा राहावा, हा हेतू असतो. स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्याची वाढ मुख्यत्वे ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे झाली.

इतिहास : झाडाच्या जखमेवर लेप लावण्याची चाल जुनी आहे. इंग्लंडच्या राजोद्यानातील माळी विल्यम फोर्साइथ (१७३७–१८०४) याने शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख व नदीची वाळू यांचा लेप प्रचारात आणला आणि त्याबद्दल ब्रिटिश पार्लमेंटने त्यास १,५०० पौंड दिले. या लेपाच्या गुणाविषयी त्याच्या हयातीतच वाद झाला. मूळचा इंग्लंडचा व पुढे ओहायओ राज्यातील केंट येथे स्थायिक झालेला जॉन डेव्ही (१८४६–१९२३) याने १९०१ मध्ये द ट्री डॉक्टर हा ग्रंथ प्रसिद्ध करून या व्यवसायाची पद्धतशीर मांडणी केली. त्या काळी कुजलेला भाग कोरून काढीत, पोकळी सिमेंटने भरीत आणि फांदी खोडाशी अगदी सपाट कापून वर डांबर किंवा रंग फाशीत. माणसाच्या दाताच्या व जखमेच्या उपचारांवरून ही कल्पना घेतलेली असावी, हे उघड आहे.

ही कल्पनाच चुकीची ठरली. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे उभी चिरून आतील कुजीचा माग घेतला. त्यांनी व हॅरल्ड मार्क्स यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार वृक्षाची जखम प्राण्याच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. एकदा मेलेले लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. वृक्ष त्या भागाभोवती रासायनिक व शारीर अडसर उभारून त्याला कोंडून टाकतो व बाहेरून नवे लाकूड चढवीत राहतो. जखमेनंतर ऊतककराने (विभाजनाने नवे लाकूड व साल तयार करणाऱ्या थराने) निर्मिलेला अडसर सर्वांत बळकट असतो. यावरून जुन्या उपचारांतील दोष ध्यानात येतो. पोकळी खरवडताना हाच अडसर फुटतो व कवक निरोगी लाकडात शिरते. सिमेंट वाऱ्याबरोबर वाकत नाही, त्यामुळे कडा घासल्या जातात. रंगाखाली ओल टिकून राहते. या तिन्ही पद्धती आता त्याज्य मानल्या जातात. खरोखर, या व्यवसायाच्या नावातील ‘शल्यचिकित्सा’ हा शब्द सोयीचा असला, तरी त्याने बरीच झाडे दगावली असावीत.

छाटणी : फांदी जेथे खोडास मिळते तेथे तिच्या बुडाशी फुगीर कडे असते. त्यातील ऊतके खोडाची असल्याने ते अबाधित ठेवून त्याच्या लगत बाहेर काप घेतात. कडे कापले तर खोडाला जखम होते. लांब खुंट ठेवला तर तो मरतो व कुजीला वाट देतो. जड फांदी एकाच कापात काढल्यास ती पडताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून खोडापासून सु. ३०–४५ सेंमी. अंतरावर प्रथम खालून सु. एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप देतात, नंतर किंचित पुढे वरून कापून भार उतरवितात व शेवटी उरलेला खुंट काढतात. शेंडा सरसकट उडविणे हे सर्वांत वाईट काम होय. त्यानंतर येणारे दाट धुमारे वरवरच्या लाकडातूनच फुटतात व जाड झाले की उन्मळतात. म्हणजे धोका टाळण्यासाठी केलेले काम काही वर्षांनी नवा धोका उभा करते. ऋतूचेही भान ठेवावे लागते. चेरी व आलुबुखार यांना रजतपर्ण या कवकरोगाची बाधा होऊ नये म्हणून त्यांची छाटणी उन्हाळ्यात करतात.

कामगाराची सुरक्षितता : अनुभवी कामगार चढण्यापूर्वी झाडाभोवती फिरतो. बुंध्याशी उगवलेली कवकाची छत्रे, उचललेली माती, सालीतील भेगा, अडकून राहिलेल्या वाळक्या फांद्या, जवळच्या वीजतारा यांची तो नोंद घेतो व लाकडी हातोड्याने ठोकून आवाज ऐकतो. वरून हिरवेगार दिसणारे झाड बुडाशी पोकळ असू शकते. चढण्याचा दोर खाली-वर सरकणाऱ्या पण भार येताच घट्ट होणाऱ्या गाठीवर चालतो. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याच्या नावाची गाठ त्यांपैकीच होय. साखळी-करवत चालविताना आणखी एका पट्ट्याने अडकून घेणे आवश्यक असते, कारण स्वतःचाच दोर कापला जाणे ही या धंद्यातील नेहमीची भीती आहे. करवतीसाठीच्या विजारीत लांब तंतूंचे थर असतात. ते साखळीत गुंतून ती थांबवितात. माणसाला पेलणारी चढाईची साधने दर सहा महिन्यांनी तपासून घेण्याचे बंधन ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी घातले आहे. एकट्याने चढू नये व खाली असलेल्या सहकाऱ्यास वरच्याची सुटका करता आली पाहिजे, हा दंडक प्रशिक्षणात वारंवार बिंबवितात. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रथम आढळलेल्या कवकरोगाने ॲशची झाडे ठिसूळ होऊ लागल्यावर अशा झाडांवर चढण्याऐवजी उचलयंत्रातून काम करणे पसंत केले जाते.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात नागरी झाडांचे संरक्षण १९७५ च्या अधिनियमान्वये होते. त्यात तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते व ‘तोडणे’ या संज्ञेत झाडाला इजा करण्याचाही अंतर्भाव आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष असा दर्जा दिला. मुंबईसारख्या शहरात पावसाळ्यापूर्वी रस्त्यालगतच्या झाडांची छाटणी केली जाते. एकाच बाजूची, बहुधा रस्त्याकडची किंवा तारांकडची, पालवी काढल्यास झाडाचा तोल जातो आणि वादळात ते उरलेल्या भाराच्या दिशेने कोसळू शकते. गुलमोहोर व वर्षावृक्ष यांच्या पसरट माथ्यांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी लागते. फांद्यांपेक्षाही मुळांची हानी अधिक घातक असते. ती डोळ्यांना दिसत नाही एवढेच. नळांसाठी खणलेले चर आधार देणारी मुळे तोडतात, तर बुंध्यापर्यंत घातलेले काँक्रीट पाणी व हवा रोखते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. असे काँक्रीट यंत्राने न फोडता हाताने उचलावे आणि उघडी पडलेली मुळे त्याच दिवशी भुसभुशीत मातीने झाकून पाणी द्यावे.