नोकरी सोडण्याआधी

लोणावळ्याजवळच्या कुसगावात अभियांत्रिकीची मुले शिकतात. त्यांच्यापैकी पुढे नोकरी सोडून धंदा काढू म्हणणाऱ्यांनी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात जरूर पाहावी. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत. बढती डावलली गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावात भावासोबत सायकलींचे दुकान काढले. मग कडबा कापायची यंत्रे, नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. यंत्र बनवता येणे ही निम्मीच तयारी. गिऱ्हाइकाची भीती ओळखणे ही उरलेली, आणि ती वर्गात शिकवत नाहीत. किर्लोस्करांनी ती ओळखली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली. मुलांनो, राजीनाम्याआधी विक्रीविना दोन वर्षे निघतील एवढी शिल्लक ठेवा.