कोकणातला वड कुंडीत

बोन्सायची जपानी पुस्तके बर्फापासून झाड कसे वाचवायचे ते सांगतात. रत्नागिरीत वाचवायचे ते पावसापासून. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उथळ कुंडीत पाणी तुंबले की मुळे कुजतात.

म्हणून माती भुसभुशीत हवी. जांभ्याची चाळलेली खडी इथे सहज मिळते. सच्छिद्र असल्याने ती थोडा ओलावा धरते, जास्तीचे पाणी सोडते. बारीक धूळ मात्र चाळून टाकावी. झडीच्या दिवसांत कुंडीच्या एका बाजूखाली चिपेचा तुकडा सरकवला तरी पुष्कळ काम होते.

वड, उंबर, नांदरुक ही झाडे सोसणारी. भिंतीच्या फटीत उगवलेले रोप मुळासकट निघाले तर उत्तमच. कुंडी बदलणे आणि मुळे छाटणे पावसाच्या तोंडावर करावे, दमट हवेत नवी मुळे लवकर फुटतात. पावसाळ्यात फांद्या झपाट्याने जाड होतात, तेव्हा वळणासाठी बांधलेली तार दर पंधरवड्याला पाहावी. सालीत रुतलेल्या तारेचा वण वर्षानुवर्षे जात नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात पाणी वाढवा. एप्रिल-मे महिन्यांत ते दोन वेळा लागते.